अद्भुताचा आभास आणि प्रेक्षकाचे हसू : फसलेले विज्ञानपट आणि मालेगावचा सुपरमॅन

प्रास्ताविक

वाईट कलाकृतीविषयी मौन पाळणे हा मराठी समीक्षेचा जुना शिष्टाचार आहे. चांगल्याची चिकित्सा करावी, वाईटाला काळाच्या स्वाधीन करावे, अशी आपली एकंदर धारणा असते. या शिष्टाचाराला ठळक अपवाद आचार्य अत्र्यांचा. १९२५ मधील 'झेंडूची फुले' या संग्रहात त्यांनी तत्कालीन कवितेच्या कृत्रिम लकबींची जी विडंबने केली, ती अनेक गंभीर परीक्षणांपेक्षा अधिक परिणामकारक ठरली. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १९५२ मध्ये, याच अत्र्यांनी 'बहिणाबाईंची गाणी' या संग्रहाला प्रस्तावना लिहिली आणि खान्देशातील एका निरक्षर शेतकरी स्त्रीच्या काव्याची थोरवी महाराष्ट्राला सांगितली. या दोन घटना आपण सहसा एकत्र आठवत नाही. मला त्या एकत्र आठवाव्याशा वाटतात, कारण खोट्याला हसण्याची आणि खऱ्याला ओळखण्याची शक्ती एकाच ठिकाणी असू शकते, याचा तो पुरावा आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र कविता नसून चित्रपट आहे, आणि तोही ज्याला प्रतिष्ठित समीक्षा हातही लावत नाही असा : जुने, फसलेले विज्ञानपट आणि त्यांच्यावर प्रेक्षकांनी केलेली थट्टेखोर टीकाटिप्पणी. अशी टिप्पणी ही समीक्षा मानता येईल काय? आणि मानायची झाल्यास, तिच्यातील कोणते हसू रास्त आणि कोणते नाही? या प्रश्नांचा विचार करताना आपल्याला फार दूर जावे लागत नाही. धुळ्यावरून पुढे गेले की मालेगाव लागते.

अद्भुताचा आभास

भरताने हास्यरसाचे मूळ विकृत वेष, विकृत आकार, विकृत वाणी व चेष्टा यांत सांगितले. अभिनवगुप्ताने त्यापुढे जाऊन असे प्रतिपादन केले की कोणत्याही रसाचा आभास हा हास्याला कारण होतो. वृद्धाचा शृंगार शृंगार राहत नाही, हास्य होतो. भित्र्याचे वीरवचन वीर राहत नाही, हास्य होते. फसलेल्या विज्ञानपटाचे वर्णन करण्यास यापेक्षा नेमकी संज्ञा पाश्चात्त्य समीक्षेतही सापडणे कठीण. विज्ञानपटाला अद्भुतरस साधायचा असतो. तो साधत नाही तेव्हा पडद्यावर उरतो तो अद्भुताचा आभास. पत्र्याचे यान, पुठ्ठ्याचा ग्रह, दोरी दिसणारे उड्डाण. हा आभास जितका गंभीर चेहऱ्याने सादर होतो, तितके हसू अनावर होते. दिग्दर्शकाने स्वतःच डोळा मिचकावला की मजा संपते.

उदाहरणादाखल १९६७ चा 'चाँद पर चढाई' घेता येईल. दिग्दर्शक टी. पी. सुंदरम, नायक दारासिंग. मनुष्याने चंद्रावर प्रत्यक्ष पाऊल ठेवण्यास अद्याप दोन वर्षे अवकाश होता. त्यामुळे चंद्रावर काय काय असू शकते याविषयी निर्मात्यांना बरेच स्वातंत्र्य होते, आणि त्यांनी ते पूर्णपणे उपभोगले. चंद्रावर माणसे आहेत, सुंदरी आहेत, नृत्यगीते आहेत. दारासिंग चंद्रावर गेल्यावर जे करतो ते पृथ्वीवर करीत होता तेच, म्हणजे कुस्ती.

येथे पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांनी क्षणभर लक्ष द्यावे. चंद्राचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश. जो मल्ल पृथ्वीवर प्रतिस्पर्ध्याला अर्धा मीटर वर उचलून फेकतो, त्याने त्याच वेगाने चंद्रावर फेकले तर प्रतिस्पर्धी तीन मीटर वर जाईल आणि खाली येण्यास त्याला जवळजवळ चार सेकंद लागतील. तेवढ्या वेळात मल्लाला घाम पुसता येईल, पंचाशी दोन शब्द बोलता येतील. पण बोललेले ऐकू येणार नाही, कारण हवाच नाही. त्याच कारणाने शड्डू ठोकला तरी त्याचा आवाज निघणार नाही. निःशब्द शड्डू आणि चार सेकंद तरंगणारा गडी! खऱ्या चंद्रावरील कुस्ती ही चित्रपटातील कुस्तीपेक्षा कितीतरी अधिक अद्भुत झाली असती. या चित्रपटाविषयी माझी तक्रार त्याने विज्ञानाचा अपराध केला अशी नाही. विज्ञानाने विनामूल्य देऊ केलेले अद्भुत त्याने नाकारले आणि त्याऐवजी आखाड्यातले नेहमीचे दृश्य चांदण्यात नेऊन ठेवले, ही आहे.

त्याच वर्षीचा एन. ए. अन्सारी यांचा 'वहाँ के लोग' हा या बाबतीत अधिक सावध. प्रदीपकुमार व तनुजा यांच्या या चित्रपटात मंगळावरून आलेल्या पाहुण्यांचा बोभाटा होतो आणि शेवटी प्रकरण पृथ्वीवरच्याच बदमाशांवर येऊन थांबते. म्हणजे विज्ञानपट म्हणून तिकीट काढावे आणि गुप्तहेरपट पाहून घरी यावे. संगीत सी. रामचंद्र यांचे होते, ही त्यातली जमेची बाजू.

टिप्पणीकार कोठे उभा असतो?

अमेरिकेत अशा चित्रपटांच्या थट्टेला १९८८ मध्ये एक स्थिर रूप मिळाले. मिनेसोटा राज्यातील मिनिआपोलिस येथील एका स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रावर जोएल हॉजसन याने 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' हा कार्यक्रम सुरू केला. कल्पना साधी होती : एक माणूस आणि दोन यंत्रमानव यांना अवकाशात कोंडून वाईट चित्रपट पाहण्याची शिक्षा दिली आहे. पडद्यावर चित्रपट चालतो आणि खालच्या कोपऱ्यात या तिघांच्या काळ्या आकृती दिसतात. ते मोठ्याने शेरे मारतात आणि आपण चित्रपट व शेरे दोन्ही एकाच वेळी ऐकतो.

अमेरिकन अभ्यासकांना यात नवता दिसली. ज्याने एकदा तरी जत्रेतील तंबूत रात्रीचा तमाशा पाहिला आहे त्याला ती दिसणार नाही. गवळणीतील पेंद्या आणि मावशी हे नेमके हेच करतात. समोर साक्षात श्रीकृष्ण उभा असतो. कथा भागवतातील असते. आणि मावशी त्याला विचारते ते गावातल्या टवाळ पोराला विचारावे तसे. वगात राजा गंभीरपणे राज्यकारभार करतो व सोंगाड्या त्याच्या प्रत्येक वाक्याला शेपूट जोडतो. सोंगाड्या कथेतही असतो आणि कथेबाहेरही, खालच्या कोपऱ्यातील त्या तीन काळ्या आकृतींप्रमाणेच. फरक एवढाच की सोंगाड्याचे बोलणे राजाला ऐकू येते आणि राजाला उत्तर द्यावे लागते. चित्रपटातील पात्राला ते ऐकू येत नाही. थट्टेखोर टिप्पणीतील बळ आणि तिच्यातील धोका या दोहोंचा उगम येथे आहे. जो उत्तर देऊ शकत नाही त्याला हसणे सोपे असते.

या सोपेपणाचे फार शहाणपण नसलेले उदाहरण म्हणजे 'सर्वांत वाईट चित्रपट' ठरविण्याचा खेळ. १९८० मध्ये मेडवेड बंधूंच्या एका पुस्तकाने एड वुड याच्या 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' या चित्रपटाला हा किताब बहाल केला आणि त्या किताबामुळेच तो अजरामर झाला. बेला लुगोसी या प्रसिद्ध नटाचे १९५६ मध्ये निधन झाले. त्याची थोडीशी चित्रफीत वुडजवळ होती. उरलेल्या दृश्यांत त्याने पत्नीच्या ओळखीच्या एका हाडवैद्याला उभे केले. त्याचा चेहरा लुगोसीशी जुळत नसल्याने त्या बिचाऱ्याने सबंध चित्रपट नाकापर्यंत झगा ओढून काढला. हे हास्यास्पद आहे यात शंका नाही. त्याहून हास्यास्पद १९५३ चा 'रोबो मॉन्स्टर'. यंत्रमानवाचा पोशाख परवडेना म्हणून फिल टकर या दिग्दर्शकाने गोरिलाचा पोशाख स्वतःजवळ असलेला नट शोधला आणि त्याच्या डोक्यावर पाणबुड्याचे शिरस्त्राण ठेवले. झाला परग्रहवासी. तो आपल्या गुहेसमोर उभा राहून मानवजातीच्या संहाराच्या आज्ञा घेतो आणि शेजारी एक यंत्र साबणाचे फुगे सोडीत असते. हे चित्रण चार दिवसांत आटोपले होते.

परंतु आपण नेमके कशाला हसतो आहोत? गोरिलाला, की टकरच्या रिकाम्या खिशाला? विज्ञानपटाच्या थट्टेत हा भेद सतत पुसला जातो. पैशाचे दारिद्र्य आणि विचाराचे दारिद्र्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिले दिसते म्हणून आपण दुसरे गृहीत धरतो.

उलट बाजूने पाहावे. १९७८ च्या 'सुपरमॅन' या भव्य अमेरिकन चित्रपटाच्या अखेरीस नायक पृथ्वीभोवती प्रचंड वेगाने उलट्या दिशेने फिरतो, पृथ्वीचे परिवलन उलटे होते आणि त्याबरोबर काळही मागे जातो. मेलेली नायिका जिवंत होते. परिवलनाची दिशा आणि काळाची दिशा यांचा काहीएक संबंध नाही. घड्याळाचे काटे मागे फिरविले म्हणून झालेली सकाळ परत रात्र होत नाही. शिवाय पृथ्वीचे परिवलन असे अकस्मात थांबले तर आपल्या अमळनेरच्या अक्षांशावरील प्रत्येक वस्तू ताशी दीड हजार किलोमीटरहून अधिक वेगाने पूर्वेकडे फेकली जाईल. अवघे गाव, बोरीच्या पात्रासकट, जळगाव-भुसावळ ओलांडून जाईल. विज्ञानाच्या दृष्टीने ही घोडचूक दारासिंगच्या कुस्तीहून लहान नाही. तरीही चित्रपटगृहात तिला कोणी हसल्याचे ऐकिवात नाही. ती खर्चिक होती. खर्च केलेल्या असत्याला आपण कल्पनाविलास म्हणतो आणि न केलेल्याला अज्ञान.

मालेगाव

या पार्श्वभूमीवर मालेगावच्या शेख नासिर यांच्या चित्रपटांकडे पाहिले पाहिजे. मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. शुक्रवारी माग बंद असतात, आणि त्या सुट्टीच्या दिवशी कामगारांची मोठी करमणूक म्हणजे चित्रपट. नासिर स्वतः व्हिडिओगृह चालवीत असत. चित्रपट जोडण्याची व कापण्याची कला त्यांनी तेथेच व्हिडिओयंत्रांच्या साह्याने आत्मसात केली. 'मालेगाव के शोले' हा त्यांचा पहिला गाजलेला विडंबनपट. त्याचा खर्च पन्नास हजार रुपयांच्या आसपास सांगितला जातो. पुढे त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' करावयास घेतला. त्या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी केलेला 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा अनुबोधपट २००८ मधील. तो चित्रपटगृहांत २०१२ मध्ये आला. रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा नासिर यांच्या जीवनावर आधारित चित्रपट २०२५ मध्ये प्रदर्शित झाला. म्हणजे मूळ चित्रपट एक, आणि त्याच्याविषयीचे दोन. मूळ चित्रपट पाहिलेल्यांपेक्षा त्याच्याविषयीचे चित्रपट पाहिलेल्यांची संख्या सुशिक्षितांत अधिक असावी, ही गोष्टही बोलकी आहे.

मालेगावच्या सुपरमॅनची भूमिका शफीक शेख या यंत्रमाग कामगाराने केली. देहयष्टी काडीसारखी. सुपरमॅनचा घट्ट पोशाख त्याच्या अंगावर सैल पडतो. दृश्ये चित्रित करण्यासाठी कॅमेरा सायकलवर बसवून ढकलला जातो, उड्डाणासाठी हिरव्या पडद्यासमोर नायकाला आडवे केले जाते. एका प्रसंगी तर कॅमेराच पाण्यात पडतो आणि सारे काम ठप्प होते. यात हसण्यासारखे पुष्कळ आहे आणि नासिर यांना ते ठाऊक आहे. मात्र चित्रपटाचा खरा विनोद पोशाखात नाही. परग्रहावरून आलेला हा अजिंक्य पुरुष मालेगावात उतरतो आणि तेथील धूर व धूळ यांनी त्याला दमा होतो. खलनायक अणुबाँब घेऊन आलेला नाही. त्याचे प्रेम घाणीवर आहे, तंबाखूवर आहे.

ही कल्पना विज्ञानकथेच्या कसोटीवर तपासून पाहण्याजोगी आहे. जयंत नारळीकर यांच्यापासून मराठीत जी विज्ञानकथा प्रतिष्ठित झाली, तिचा आग्रह असा की ज्ञात विज्ञानाचा धागा न तोडता 'असे झाले तर काय होईल' हा प्रश्न विचारावा. मराठी समीक्षेनेही तोच निकष उचलला आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'चुका मोजणे' एवढाच केला. आता विचारून पाहावे : अन्य ग्रहावरील हवेत घडलेले फुप्फुस यंत्रमागांच्या गावातील हवेत आले तर काय होईल? अमेरिकन सुपरमॅनच्या निर्मात्यांना हा प्रश्न सुचला नाही. त्यांनी त्याला हिरव्या स्फटिकाची बाधा होते असे सोयीने ठरवून टाकले. मालेगावकरांना प्रश्न सुचला, कारण कापसाच्या तंतूंनी भरलेली हवा ते रोज श्वासात घेतात. विज्ञानाशी त्यांचा चित्रपट या एका ठिकाणी मूळ कृतीपेक्षा अधिक प्रामाणिक आहे. ही विडंबनाने केलेली समीक्षा आहे आणि ती मूळ कृतीतील उणीव अचूक दाखविते.

१९८७ मध्ये मुंबईतही एक 'सुपरमॅन' तयार झाला होता. पुनीत इस्सर त्याचा नायक. त्यात धर्मेंद्र, अशोककुमार असे मातब्बर नट होते, आणि उड्डाणाची दृश्ये मात्र अमेरिकन चित्रपटातून तशीच उचललेली. उडताना दिसणारा सुपरमॅन वेगळा आणि जमिनीवर उतरणारा वेगळा! नासिर यांच्याजवळ यापैकी काहीच नव्हते, तरी त्यांचा सुपरमॅन जसा उडाला तसा स्वतः उडाला. हसायचेच असेल तर मी मुंबईच्या सुपरमॅनला हसेन. तेथे साधनांची नव्हे, श्रमाची टंचाई होती.

अनुबोधपटाने मालेगावकरांविषयी जिव्हाळा दाखविला हे मान्य केले पाहिजे. तरीही महानगरातील प्रेक्षागृहात तो पाहणाऱ्यांचे हसू संमिश्र असते. त्या हसण्यात कौतुक असते आणि 'पाहा, ही माणसेसुद्धा चित्रपट काढतात' हा सूरही असतो. भरताने हास्याचे सहा भेद सांगितले : स्मित व हसित उत्तम प्रकृतीच्या लोकांचे, विहसित व उपहसित मध्यमांचे, अपहसित व अतिहसित अधमांचे. ही वर्गवारी आजच्या दृष्टीस खटकणारी आहे, आणि मालेगावच्या संदर्भात तर ती सरळ उलटी करावीशी वाटते. शुक्रवारी व्हिडिओगृहात मांडीवर थाप मारून हसणाऱ्या कामगाराच्या अतिहसितात पडद्यावरील माणसाशी बरोबरीचे नाते असते, कारण तो माणूस शेजारच्या मागावरचा असतो. वातानुकूलित प्रेक्षागृहातील स्मितात ते नाते असेलच असे नाही.

शफीक शेख याचे पुढे कर्करोगाने अकाली निधन झाले. चित्रपटात तो तंबाखूच्या पुरस्कर्त्याशी लढला होता.

'खान्देशी' या शब्दाविषयी

येथवरच्या विवेचनात एक प्रश्न बाजूला राहिला, आणि तो आपल्या विद्यापीठ क्षेत्रातील अध्यापकांना अधिक निकटचा आहे. मालेगावच्या विनोदी चित्रफिती बाजारात व पुढे महाजालावर 'खान्देशी' या नावाने विकल्या व पाहिल्या गेल्या. मालेगाव प्रशासकीयदृष्ट्या नाशिक जिल्ह्यात. त्या चित्रफितींची भाषा बहुतांशी तेथील उर्दूमिश्रित हिंदी, तीत खान्देशी लकबी मिसळलेल्या. कसमादे पट्ट्यातील अहिराणी त्या गावाच्या चहूबाजूंस बोलली जाते, परंतु या चित्रपटांत ती मुख्य भाषा नाही. परिणामी देशभरातील फार मोठ्या प्रेक्षकवर्गासाठी 'खान्देशी' हे एका प्रदेशाचे वा बोलीचे नाव न राहता एका प्रकारच्या हास्याचे नाव झाले आहे. शब्द उच्चारताच हसू येते.

यावर रागावणे सोपे आहे, आणि तसा राग आपल्याकडील व्यासपीठांवरून व्यक्तही होतो. पण दोष मालेगावकरांना देता येणार नाही. महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांतील एकांकिका आठवाव्यात : नायक प्रमाण मराठी बोलतो, प्राध्यापक प्रमाण मराठी बोलतात, आणि अहिराणी बोलतो तो गडी, शिपाई किंवा गावाहून आलेला मामा. हे लेखन बाहेरून आलेल्या कोणी केलेले नसते. ज्यांच्या घरी अहिराणी बोलली जाते त्या विद्यार्थ्यांनीच ते केलेले असते व आपण पहिल्या रांगेत बसून त्याला टाळ्या दिलेल्या असतात. बोलीचा आपण केलेला उपयोग हा 'रोबो मॉन्स्टर'मधील गोरिलाच्या पोशाखासारखा आहे. पात्र रंगविण्याचे कष्ट नकोत म्हणून हाताशी असलेले कातडे अंगावर चढवायचे. नासिर यांनी निदान त्या कातड्यात सुपरमॅन उभा केला. त्यांच्या चित्रपटात स्थानिक बोलणारा माणूस सोंगाड्या आहे आणि तोच नायकही आहे. आपल्या एकांकिकांत तो अद्याप पाण्याचा पेला घेऊन विंगेतून येतो.

१९५२ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरास भरले. या दोन संमेलनांच्या दरम्यानच्या बहात्तर वर्षांत अहिराणीत कविता झाली, कोश झाले, प्रबंध झाले. विज्ञानकथा मात्र मराठीतही तुरळक राहिली आणि अहिराणीत ती माझ्या वाचनात आलेली नाही. अहिराणी बोलणारा अंतराळवीर कागदावर उतरविला तर वाचक पहिल्या ओळीला हसेल, हे गृहीत धरूनच बहुधा कोणी लेखणी उचलत नसावे. ती पहिली ओळ सोसून दुसरीकडे गेल्यावर काय होते हे अजून कोणी पाहिलेले नाही. पदव्युत्तर वर्गांना प्रकल्पलेखन सक्तीचे झाले आहे. त्यात दरवर्षी त्याच सहा कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणे येतात. एखाद्या विद्यार्थ्याने चंद्रावरील कुस्ती अहिराणीत लिहून आणली, निःशब्द शड्डूसह आणि चार सेकंद तरंगणाऱ्या गड्यासह, तर तिला सर्जनशील प्रकल्प म्हणून गुण द्यावयास मराठी आणि पदार्थविज्ञान या दोन्ही विभागांनी एकत्र बसण्यास हरकत नसावी.